आगपेट्यांतून शिकणारे यंत्र
खेळणाऱ्या यंत्रांचे प्रयोग : पुनरावृत्ती आणि आकलन

यंत्राने मनुष्यास खेळात हरविल्याची वार्ता आता नवलाची राहिलेली नाही. मे १९९७ मध्ये आयबीएम कंपनीच्या 'डीप ब्लू' या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारॉव्ह याच्यावर मात केली. मार्च २०१६ मध्ये सेऊल येथे 'अल्फागो' या संगणकीय कार्यक्रमाने 'गो' या प्राचीन पौर्वात्य खेळात ली सेडॉल या मातब्बर खेळाडूस पाच डावांपैकी चार डावांत पराभूत केले. या दोन घटना वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांमध्ये मूलभूत भेद आहे. डीप ब्लूला कोणती चाल चांगली व कोणती वाईट हे पारखण्याचे नियम प्रामुख्याने मनुष्यांनी लिहून दिले होते. अल्फागोने आपले कौशल्य प्रथम मनुष्यांचे डाव पाहून व नंतर स्वतःशीच असंख्य डाव खेळून मिळविले. अनुभवातून, जय-पराजयाच्या आधारे शिकण्याच्या या पद्धतीस 'रीइन्फोर्समेंट लर्निंग', म्हणजेच प्रबलनाधिष्ठित अध्ययन, असे म्हणतात.

ही पद्धती गूढ आहे आणि ती समजण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो खरा नाही. या पद्धतीचा गाभा आठ रिकाम्या आगपेट्या, थोडे मणी आणि दहा चिंचोके यांच्या साहाय्याने कोणत्याही प्राथमिक शाळेत दाखविता येतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, अशा प्रयोगांचे निष्कर्ष कितपत विश्वासार्ह मानावेत, या प्रश्नाचे उत्तरही त्याच आगपेट्यांतून मिळते. प्रस्तुत लेखात हा प्रयोग क्रमवार दिला असून त्याच्या आधारे मोठ्या प्रयोगांचे मर्म समजावून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

मिची यांचे यंत्र

आगपेट्यांची कल्पना डोनाल्ड मिची या ब्रिटिश शास्त्रज्ञाची. मिची यांचा जन्म १९२३ साली रंगून येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे शत्रूच्या सांकेतिक संदेशांची उकल करणाऱ्या चमूत ते होते आणि अ‍ॅलन ट्यूरिंग यांचा सहवास त्यांना तेथेच लाभला. पुढे ते एडिंबरो येथे संशोधन करीत असता, यंत्र स्वतःच्या अनुभवातून शिकू शकते हे सिद्ध करण्याची इच्छा त्यांना झाली; परंतु त्यासाठी संगणक हाताशी नव्हता. तेव्हा १९६१ साली त्यांनी ३०४ आगपेट्या जमवून फुली-गोळा खेळणारे यंत्र तयार केले. त्यास त्यांनी 'मेनस' असे नाव दिले.

आगपेट्यांची संख्या ३०४ च का, हे पाहण्यासारखे आहे. यंत्र नेहमी पहिली खेळी करते असे धरले व पाटी फिरविल्याने किंवा आरशात पाहिल्याने सारख्या ठरणाऱ्या स्थिती एकच मानल्या, तर यंत्राच्या पहिल्या पाळीस १, दुसऱ्या पाळीस १२, तिसऱ्या पाळीस १०८ आणि चौथ्या पाळीस १८३ स्थिती संभवतात. शेवटच्या खेळीस एकच घर उरते, त्यामुळे तेथे निवडीचा प्रश्न नाही. या चार संख्यांची बेरीज ३०४ होते. प्रत्येक स्थितीस एक पेटी व प्रत्येक घरास एक रंग. पेटी हलवून जो मणी येईल त्या घरात यंत्राची खूण करावयाची. डाव जिंकल्यास वापरलेल्या प्रत्येक पेटीत त्या रंगाचे तीन मणी वाढवावयाचे, बरोबरी झाल्यास एक वाढवावयाचा आणि हरल्यास काढलेला मणी जप्त करावयाचा. मिची स्वतः या यंत्राशी २२० डाव खेळले. सुरुवातीच्या सुमारे वीस डावांनंतर यंत्र बरोबरी साधू लागले. आगपेट्यांना खेळाचे ज्ञान नव्हते. परंतु मण्यांचे प्रमाण बदलत गेले आणि त्या बदलातच शिक्षण साठत गेले.

शाळेसाठी सोपा प्रयोग

तीनशे पेट्या जमविणे प्रत्येक शाळेस शक्य होणार नाही. म्हणून पुढील खेळ निवडावा. मध्यभागी दहा चिंचोके ठेवावेत. दोन खेळाडूंनी आळीपाळीने एक किंवा दोन चिंचोके उचलावेत. शेवटचा चिंचोका जो उचलेल तो जिंकला. पहिली पाळी नेहमी यंत्राची राहील.

यंत्रासाठी आठ आगपेट्या घ्याव्यात व त्यांवर १०, ८, ७, ६, ५, ४, ३ व २ असे आकडे लिहावेत. हे आकडे म्हणजे यंत्राची पाळी आली असता ढिगात उरलेले चिंचोके होत. नऊची पेटी लागत नाही, कारण यंत्राच्या पाळीस नऊ चिंचोके कधीच उरत नाहीत. आणि एकच चिंचोका उरल्यास तो उचलण्यावाचून गत्यंतर नसते. एकाच आकाराचे लाल व पांढरे मणी घ्यावेत. लाल मणी म्हणजे 'एक उचला' आणि पांढरा मणी म्हणजे 'दोन उचला'. दहाच्या पेटीत प्रत्येक रंगाचे आठ, आठ, सात व सहाच्या पेट्यांत प्रत्येकी चार आणि उरलेल्या चार पेट्यांत प्रत्येकी तीन मणी घालावेत. एकूण ३२ लाल व ३२ पांढरे मणी लागतील. आरंभीच्या पेटीत अधिक मणी ठेवण्याचे कारण असे की, पुढील पेट्यांतील चुकांचा दंड आरंभीच्या पेटीलाही भरावा लागतो.

यंत्राची पाळी आली की एका विद्यार्थ्याने योग्य आकड्याची पेटी हलवून, न पाहता एक मणी काढावा, तो पेटीपुढे ठेवावा आणि मणी सांगेल तसे चिंचोके उचलावेत. डाव संपल्यावर यंत्र जिंकले असल्यास पुढे ठेवलेला प्रत्येक मणी आपापल्या पेटीत परत टाकून त्याच रंगाचे आणखी दोन मणी घालावेत. यंत्र हरले असल्यास पुढे ठेवलेले सर्व मणी काढून घ्यावेत. एखादी पेटी रिकामी झालेली असताना तिची पाळी आली, तर यंत्राने हार मानली असे समजून आधीच्या पेट्यांपुढील मणी जप्त करावेत.

एक उदाहरण घेऊ. दहाच्या पेटीतून पांढरा मणी आला; आठ चिंचोके उरले. प्रतिस्पर्ध्याने दोन उचलले, सहा उरले. सहाच्या पेटीतून लाल आला; पाच उरले. प्रतिस्पर्ध्याने पुन्हा दोन उचलले, तीन उरले. तीनच्या पेटीतून पांढरा आला; एक उरला आणि तो प्रतिस्पर्ध्याने उचलला. यंत्र हरले. तीन मणी जप्त झाले. आता दहाच्या पेटीत आठ लाल व सात पांढरे मणी राहिले. म्हणजे लाल निघण्याची शक्यता शेकडा ५० वरून सुमारे ५३ झाली. पुढील डावात दहातून लाल, आठातून पांढरा, चारातून लाल व दोनातून पांढरा आला आणि यंत्र जिंकले, असे समजू. आता दहाच्या पेटीत दहा लाल व सात पांढरे झाले; लाल निघण्याची शक्यता शेकडा सुमारे ५९ वर गेली. कोणती चाल बरोबर हे यंत्रास कोणीही सांगितले नाही. फक्त डावाचा अंतिम निकाल सांगितला. मोठमोठ्या संगणकांतील प्रबलनाधिष्ठित अध्ययनाचे सारही हेच आहे.

या खेळाचे रहस्य शिक्षकांनी आरंभी विद्यार्थ्यांस सांगू नये. प्रतिस्पर्ध्यापुढे तीनच्या पटीत चिंचोके ठेवावेत, हे ते रहस्य होय. दहातून एक उचलल्यास नऊ उरतात. त्यानंतर प्रतिस्पर्धी एक उचलील तर आपण दोन व तो दोन उचलील तर आपण एक, असे करीत गेल्यास विजय निश्चित असतो. जाणकार प्रतिस्पर्ध्याशी पुरेसे डाव झाल्यावर पेट्या उघडाव्यात. यंत्र चांगले शिकले असल्यास दहा, सात व चार या पेट्यांत लाल मण्यांचे आणि आठ, पाच व दोन या पेट्यांत पांढऱ्या मण्यांचे प्राबल्य दिसेल. सहा व तीन या पेट्या मात्र रिकाम्या होत जातील. त्या रिकाम्या पेट्या हे अपयश नव्हे. त्या स्थितीत सापडल्यास जाणकारापुढे बचाव नाही, हे ज्ञान त्या रिकामेपणात आहे.

नोंदवही आणि दैवाचा भाग

येथवरचा प्रयोग मनोरंजक आहे; खरा शास्त्रीय प्रयोग येथून पुढे सुरू होतो. वर्गात पाच-सहा गट करून प्रत्येकास स्वतंत्र पेट्या द्याव्यात. किती डाव खेळावयाचे हे आरंभीच ठरवावे. प्रत्येक डावाचा क्रमांक, काढलेले मणी आणि निकाल नोंदवहीत लिहावा. नियम, मणी व प्रतिस्पर्धी समान असूनही सर्व गटांची प्रगती सारखी होणार नाही, हे लवकरच दिसून येईल. एका गटाचे यंत्र झपाट्याने सुधारेल, दुसऱ्याचे रेंगाळेल. एखाद्या गटात तर योग्य मणीच नेमके पुढील चुकांमुळे जप्त होत जाऊन दहाची पेटी रिकामी पडेल आणि यंत्र कायमचे थांबेल. मणी कोणता निघावा यात दैवाचा जो भाग आहे, त्याचा हा परिणाम होय.

अशा वेळी बिघडलेल्या यंत्राची नोंद फाडून टाकण्याचा व उत्तम यंत्रच पाहुण्यांस दाखविण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. सहापैकी चार यंत्रे शिकली व दोन थांबली, असे सांगणे हा निष्कर्ष आहे. शिकलेले एकच यंत्र दाखविणे ही जाहिरात आहे.

हा मोह शाळेपुरता मर्यादित नाही. संगणकावर मण्यांचे काम यादृच्छिक संख्या करतात आणि त्या संख्यांची मालिका ज्या आरंभीच्या अंकापासून सुरू होते त्यास बीज-अंक म्हणतात. कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात एकच पद्धती, एकाच मांडणीने, केवळ बीज-अंक बदलून दहा वेळा चालविली. काम होते संगणकातील एका कृत्रिम देहास धावावयास शिकविण्याचे. या दहा फेऱ्यांचे पाच-पाचचे दोन गट करून सरासरी काढली असता जणू दोन भिन्न पद्धतींचे निकाल असावेत इतके अंतर त्यांत आढळले. एखाद्या संशोधकाने पाचच फेऱ्या करून आपली पद्धती श्रेष्ठ असल्याचे सांगितले, तर त्या श्रेष्ठत्वात दैवाचा वाटा किती, हे कळणे कठीण असते. या क्षेत्रातील एका प्रमुख आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१९ पासून निबंधांसोबत पुनरावृत्तीविषयीची प्रश्नावली भरून मागण्याची प्रथा सुरू केली, तिची पार्श्वभूमी हीच होती.

अटारीच्या खेळांचे प्रयोग

२०१५ मध्ये 'डीपमाइंड' या लंडनस्थित संस्थेच्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९७७ पासून बाजारात आलेल्या अटारी २६०० या घरगुती यंत्रावरील ४९ खेळ त्यांनी एकाच कार्यक्रमास शिकविले. त्या कार्यक्रमास पडद्यावरील चित्र व मिळालेले गुण एवढेच दिसत असे. येथे आगपेट्या उपयोगी पडणार नाहीत, कारण पडद्यावरील संभाव्य चित्रांची संख्या मोजण्यापलीकडची आहे. म्हणून पेट्यांच्या जागी चेतापेशींच्या जाळ्याची गणिती नक्कल वापरण्यात आली. पूर्वी न पाहिलेल्या चित्रातही, त्यासारख्या पाहिलेल्या चित्रांवरून, ती अंदाज बांधू शकते. प्रत्येक खेळासाठी सुमारे ३८ दिवस अखंड खेळावे इतका अनुभव त्यास देण्यात आला. ४९ पैकी २९ खेळांत त्याने मनुष्य परीक्षकाच्या गुणांच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक गुण मिळविले. विटांची भिंत फोडण्याच्या खेळात कडेने बोगदा पाडून चेंडू भिंतीमागे पाठविण्याची युक्ती त्यास सापडली. उलट 'माँटेझुमाज रिव्हेंज' या खेळात त्यास शून्य गुण मिळाले, कारण तेथे पहिला गुण मिळण्यापूर्वी अनेक कृती अचूक क्रमाने कराव्या लागतात. कधीच न जिंकणाऱ्या यंत्राच्या पेटीत वाढीव मणी पडणार कसे? आगपेट्यांचा प्रयोग केलेल्या विद्यार्थ्यास हे कारण चटकन पटते.

या खेळांच्या बाबतीत आणखी एक अडचण लक्षात आली. अटारीचा खेळ दर वेळी एकाच प्रकारे सुरू होतो. त्यामुळे पडदा न पाहताही, केवळ कळा दाबण्याचा एक ठराविक क्रम पाठ करून, काही खेळांत उत्तम गुण मिळविणे शक्य असते. प्रश्न न वाचता उत्तरांचा क्रम पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यासारखाच हा प्रकार झाला. त्यावर उपाय म्हणून २०१८ मध्ये असे सुचविण्यात आले की, चारांतून एकदा यंत्राची नवी आज्ञा डावलून आधीचीच आज्ञा पुन्हा लागू व्हावी. मग पाठांतर निरुपयोगी ठरते आणि समोरची परिस्थिती पाहून खेळणे भाग पडते.

मोठ्या प्रयोगांची पुनरावृत्ती मात्र खर्चिक आहे. २०१७ मध्ये डीपमाइंडने मनुष्यांचे डाव न पाहता शिकणाऱ्या 'अल्फागो झीरो'चे वर्णन प्रसिद्ध केले, परंतु तो कार्यक्रम खुला केला नाही. तेव्हा 'लीला झीरो' या उपक्रमात जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापले घरचे संगणक जोडून ते वर्णन पडताळून पाहिले. २०१८ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनीही तोच प्रयोग सुमारे दोन हजार संगणकीय संचांच्या बळावर पुन्हा घडविला आणि आपला कार्यक्रम सर्वांस खुला केला. ज्ञान एका संस्थेच्या कुलपात राहू नये, यासाठी असे श्रम मोलाचे ठरतात.

बक्षीस कशाचे?

आगपेट्यांच्या प्रयोगात आता एकच बदल करावा. जाणकार प्रतिस्पर्ध्याऐवजी लहान वर्गातील मूल बसवावे आणि इतर सर्व नियम तेच ठेवावेत. मुलाच्या चुकांमुळे यंत्र दहातून दोन उचलूनही अनेकदा जिंकेल. पांढरे मणी वाढत जातील व यंत्र 'यशस्वी' दिसेल. तेच यंत्र नंतर जाणकारापुढे बसविल्यास वारंवार हरेल. यंत्राने खेळ शिकलेला नसून, त्या विशिष्ट प्रतिस्पर्ध्याकडून बक्षीस मिळविण्याची रीत शिकलेली असते.

या गोष्टीचे प्रसिद्ध उदाहरण २०१६ मध्ये 'ओपनएआय' या अमेरिकन संस्थेने दिले. नौकांच्या शर्यतीच्या एका खेळात वाटेवरील लक्ष्ये उडविल्यास गुण मिळत. शर्यत पूर्ण करण्यास स्वतंत्र गुण नव्हते. यंत्राच्या नौकेने एका आडबाजूच्या जलाशयात गोल-गोल फिरत, पुन्हा पुन्हा उगवणारी तीच लक्ष्ये उडविण्याचा धडाका लावला. नौका पेटत होती, इतर नौकांवर आदळत होती, शर्यत तर तिने पूर्ण केलीच नाही. तरीही तिचे गुण मनुष्य खेळाडूंपेक्षा सरासरी शेकडा २० अधिक भरले. दोष यंत्राचा नव्हता. जे मोजले जाईल, तेच केले जाईल, हा नियम त्याने निमूटपणे पाळला.

शासकीय कामाशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना हा नियम परिचित वाटेल. वृक्षारोपणाचे यश खणलेल्या खड्ड्यांच्या संख्येवर मोजले, तर खड्डे वाढतात. दोन पावसाळ्यांनंतर जगलेल्या रोपांवर मोजले, तर रोपांना पाणी मिळते. पटावरील संख्या मोजली की पट भरतो. मूल वाचू लागले की नाही, हे मोजले की वाचन सुधारते.

आकलनाची कसोटी

आगपेटी उघडून यंत्राच्या मनात काय आहे, हे पाहता येते. अटारीच्या किंवा गोच्या कार्यक्रमाच्या बाबतीत ते शक्य नसते. त्यांचे ज्ञान लक्षावधी आकड्यांत विखुरलेले असते आणि कोणता आकडा कशासाठी, हे त्यांच्या निर्मात्यांनाही सांगता येत नाही. त्यामुळे उच्च गुण म्हणजे आकलन, असे मानण्याचा धोका संभवतो. गो या खेळात २०२२ मध्ये काही संशोधकांनी 'काटागो' या अतिशय प्रबळ कार्यक्रमातील एक उणीव शोधून काढली. स्वतःच्या वर्तुळाकार समूहास हळूहळू वेढा पडत असता येणारा धोका त्यास ओळखता येत नव्हता. या उणिवेचा उपयोग करून २०२३ च्या आरंभी एका अमेरिकन हौशी खेळाडूने, खेळताना संगणकाचे साहाय्य न घेता, प्रबळ गो कार्यक्रमाशी १५ पैकी १४ डाव जिंकले. सामान्य खेळाडूच्या लक्षात येणारी गोष्ट, जगज्जेत्यांना भारी ठरणाऱ्या यंत्राच्या लक्षात आली नाही.

म्हणून शाळा, कार्यालय, दवाखाना किंवा शेती यांसाठी 'स्वतः शिकणारे' यंत्र कोणी आणून दिले, तर काही साधे प्रश्न अवश्य विचारावेत. हे यंत्र किती वेळा आरंभापासून शिकवून पाहिले आणि त्यांपैकी किती वेळा ते शिकले नाही? ज्या परिस्थितीत ते शिकले, त्याहून भिन्न परिस्थितीत त्याची परीक्षा झाली आहे काय? त्यास बक्षीस नेमके कशाचे मिळत होते? आणि हा प्रयोग त्रयस्थ व्यक्तीने पुन्हा करून पाहिला आहे काय? या प्रश्नांसाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. आठ आगपेट्या हाताळलेल्या सातवीच्या विद्यार्थ्यासही ते विचारता येतील.

विज्ञान शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून पाहावा, गावातील पालकांनाही तो पाहण्यास बोलवावे आणि सर्व गटांच्या, विशेषतः शिकू न शकलेल्या यंत्रांच्या, नोंदवह्या जपून ठेवाव्यात. पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांनी त्याच नियमांनी तोच प्रयोग पुन्हा करून दोन्ही वर्षांचे निकाल शेजारी-शेजारी मांडले, तर प्रयोगाची पुनरावृत्ती म्हणजे काय हे त्यांना प्रत्यक्ष कळेल.